गादी क्रमांक सात

बारा इंच जाडीची, थंडावा देणारी,
पाठीचा कणा ओळखणारी ती गादी
मी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही.
तरी सकाळपासून तिच्यावर सहाशे शब्द झालेत,
'आम्ही शंभर रात्री झोपून पाहिलं' या वाक्यासकट.
आम्ही म्हणजे मी,
आणि खिडकीबाहेर गोठलेलं लेक सुपीरियर.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात.
मी नुसत्या अंथरुणांवर पोट भरते.

सव्वीस वर्षं गावच्या साप्ताहिकात होते.
पहिलं पान, डावा कोपरा,
'आउने कांतोला', बारीक टायपात.
मग मालक बदलले,
मग मालकांचे मालक.
भिंतीवर एक पडदा आला, रात्रंदिवस जागा:
कोण वाचतंय, किती जण, किती सेकंद.
शाळेचं छत गळतंय, ही माझी बातमी:
एक्केचाळीस माणसं.
टोपी घातलेला कुत्रा:
नव्वद हजार.
कुत्र्यावर मी राग धरला नाही. गुणी होता बिचारा.
डुलूथहून आलेला मार्केटिंगचा मुलगा म्हणाला,
"छताला टोपी घालता येईल का, बघा."
तो विनोद करत नव्हता.

आता छापखान्यात जिम आहे.
जिथे रिळं उतरायची तिथे लोक
धावतात, आणि कुठेच पोचत नाहीत.

पण मंगळवार आला की पाय आपोआप
नगरसभेकडे वळतात.
तिसरी रांग, लंगडी खुर्ची, माझी.
पूर्वी अध्यक्ष स्टेनरूड तोंड उघडण्याआधी
माझ्या पेनाकडे बघायचे.
पेन उचललं की त्यांची वाक्यं आखूड व्हायची
आणि आकडे ऐकू येतील इतके मोठ्याने.
आता ते घड्याळाकडे बघतात.
विषय सहावा, विहीर क्रमांक चार.
कंत्राटदाराचं आडनाव आलं तेव्हा
क्लार्कबाईंना खोकला आला.
चार मिनिटं. मंजूर.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि या वेळी ते खरोखरचं पाणी होतं.

घरी आले. कोट काढला नाही.
दहा सर्वोत्तम गाद्यांपैकी सातवी उरली होती,
मध्यम कडक, घाम येणाऱ्यांसाठी.
लिहिलं:
'ही गादी ओल धरत नाही.
विहीर क्रमांक चार धरते.
मार्चपासून तीनदा गढूळ नमुना,
निविदा न काढता कंत्राट,
बाजूने पाच, विरोधात कोणी नाही,
पाणीपट्टी चाळीस टक्क्यांनी वर.
परतीची मुदत तीस दिवस.'

सॉफ्टवेअरने वाचलं. हिरवी खूण.
वाचनीयता उत्तम.
'गादी' हा शब्द आणखी दोनदा घाला, अशी सूचना.
घातला.

दोन्ही बाजूंना उशांच्या जाहिराती,
मधून माझी विहीर.
कंपनीकडून कोणाचा फोन आला नाही. ते वाचत नाहीत,
ते मोजतात.
सातव्या गादीपर्यंत पोचलेले: एकोणीस.
त्यातले अठरा कुठले कुठले,
कोणी ॲरिझोनाचा, कोणी चुकून आलेला.
एक आमच्या गावचा.
सातवर थांबला होता
चार मिनिटं.

पुढच्या मंगळवारी बर्फ इतका
की सभा होईल की नाही, शंका.
गेले, तर माझ्या खुर्चीत रेइनो सारी,
प्लंबर, बायकोच्या पाठीसाठी
महिनाभर गादी शोधत असलेला.
बूट ओले, मांडीवर पाण्याचं बिल,
बिलाची मागची बाजू कोरी.
मी चौथ्या रांगेत बसले.
स्टेनरूडनी घसा साफ केला.
रेइनो मागे वळून कुजबुजला,
"पेन आहे?"

दिलं.
गादीवाल्यांनी फुकट पाठवलेलं होतं,
अंगावर त्यांचं नाव, खाली त्यांचा फोन नंबर.
शाई चालत होती.